पाण्यातील नृत्य आणि अधू पाय

संगीताच्या तालावर पाण्यात केलेले नृत्य म्हणजे कलात्मक जलतरण. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याला प्रवेश मिळाला. अपंगांच्या पॅरालिंपिकमध्ये मात्र १९६० पासून पोहण्याच्या शर्यती असूनही हा प्रकार अद्याप नाही. मला याचे नवल वाटते. कारण या कलेच्या उगमापाशीच पायांना पोलादी पट्ट्या बांधलेली एक मुलगी उभी आहे.

अ‍ॅनेट केलरमन १८८६ साली सिडनीत जन्मली. मुडदुसाने तिचे पाय अधू झाले. त्यांत बळ यावे म्हणून तिला पोहायला घातले. पाय सुधारले, आणि १९०७ साली न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये काचेच्या हौदात तिने जलनृत्य करून दाखवले. ही कला लोकांना आवडू लागली ती तेव्हापासून.

आता तंत्र पाहू. डोके खाली करून नर्तिका पाय पाण्याबाहेर सरळ उभे धरते, तेव्हा आपण पायच पाहतो. पण तिला तोलून धरतात ते पाण्याखाली सतत आत-बाहेर फिरणारे तळहात! पायांत बळ नसले तरी नुसत्या तळहातांनी तरंगता येते, वळता येते, गिरकीही घेता येते.

पुस्तकातली आकृती पाहून मला हे पटले नसते. पटले ते धाकट्या मामांमुळे. पोलिओमुळे त्यांना काठीशिवाय दोन पावलेही टाकता येत नाहीत. विहिरीत मात्र ते उताणे पडून हातांनीच गरगर फिरतात, आणि आम्ही भाचरे काठावर बसून फेरे मोजतो. याला नृत्य म्हणतात, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी सांगणार आहे.