कर्कगाठीचा रक्तपुरवठा रोखणारी प्रथिने

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात असलेल्या वरवट बकाल येथून कर्करोगाचा रुग्ण मुंबईस न्यावयाचा, तर आधी शेगाव गाठावे लागते आणि तेथून रेल्वेने परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. परंतु प्रवासापेक्षाही अवघड प्रश्न पुढे उभा राहतो. डॉक्टरांनी एखादे महागडे नवे इंजेक्शन सुचविले, तर त्यासाठी वावर गहाण टाकावे काय? अशा वेळी घरची माणसे सल्ल्यासाठी गावातील गुरुजींकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे वळतात. गाठीचा रक्तपुरवठा तोडणारी औषधे ही या महागड्या इंजेक्शनांपैकीच होत. ती काय करतात व काय करू शकत नाहीत, याची माहिती सल्ला देणाऱ्यास असणे अगत्याचे आहे.

शरीरातील प्रत्येक पेशीस प्राणवायू व अन्नद्रव्ये रक्तातून मिळतात. कर्कगाठ एक-दोन मिलिमीटरची असेपर्यंत आजूबाजूच्या पाझरावर तिचे भागते. त्यापुढे वाढण्यासाठी तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. मग दुसऱ्याचा पाट फोडून पाणी आपल्या वावरात वळवावे, त्याप्रमाणे ती काही प्रथिने स्रवते आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडावयास लावते. हे फाटे फुटूच दिले नाहीत तर गाठ खुरटेल, हा विचार बोस्टन येथील शल्यचिकित्सक डॉ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. अनेक वर्षे त्यांस फारसे कोणी मनावर घेतले नाही.

फोकमन यांच्या प्रयोगशाळेतील पुढील संशोधनाची हकीगत मनोरंजक आहे. मूळ गाठ कापून काढल्यावर इतरत्र सुप्त असलेल्या बारीक गाठी एकाएकी वाढू लागतात, असा शल्यचिकित्सकांचा अनुभव होता. याचा अर्थ मूळ गाठच त्यांना दाबून ठेवणारे काही द्रव्य सोडीत असली पाहिजे. डॉ. मायकेल ओ'रायली यांनी गाठी असलेल्या उंदरांचे मूत्र साठवून त्यातून हे द्रव्य वेगळे केले. १९९४ मध्ये जाहीर झालेले हे प्रथिन म्हणजे अँजिओस्टॅटिन. १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन हाती आले. दोन्ही शरीरातीलच मोठ्या प्रथिनांचे तुकडे आहेत. उंदरांच्या गाठी विरल्या, १९९८ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांनी गाजावाजा केला आणि जगभरच्या रुग्णांच्या आशा पल्लवित झाल्या. माणसांवरील चाचण्यांत मात्र ते यश दिसले नाही. चीनने २००५ मध्ये एंडोस्टॅटिनचे एक सुधारित रूप फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्य केले, तेही इतर औषधांच्या जोडीने.

व्यवहारात अधिक उपयोगी पडले ते दुसरे प्रथिन. रक्तवाहिन्यांना वाढीचा संदेश देणारा घटक डॉ. नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ मध्ये वेगळा केला होता. त्यालाच बांधून टाकणारे प्रतिद्रव्य म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. अमेरिकेत २००४ मध्ये त्यास मान्यता मिळाली. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात नेहमीच्या औषधांसह ते दिल्यावर रुग्णांचे मध्यमान आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. गर्भाशयमुखाच्या प्रगत कर्करोगात ते १३.३ वरून १७ महिने झाले. हा लाभ महिन्यांचा आहे, हे नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता तर अमेरिकेने २०११ मध्ये काढून घेतली. एक वाट बंद झाली की गाठ दुसरी शोधते. भारतीय कंपन्यांनी २०१६ पासून हे औषध तयार करून किंमत उतरविली असली, तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा घ्यावयाचे इंजेक्शन शेतमजुराच्या घरास स्वस्त म्हणता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर टाटा मेमोरियलमधील एका चाचणीचे मोल मोठे आहे. डोके व मान यांच्या कर्करोगात आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्यामुळे होणारा मुखकर्करोग प्रमुख आहे. तो उलटल्यावर किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेल्यावर शिरेतून सिस्प्लॅटिन देत असत. त्याऐवजी मेथोट्रेक्झेटच्या अल्प मात्रेच्या गोळ्या आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब दिवसातून दोनदा, असा उपचार ४२२ रुग्णांच्या या चाचणीत तपासण्यात आला. अल्प मात्रेची औषधे सतत दिल्याने नव्या रक्तवाहिन्यांच्या पेशींवरच घाव बसतो. म्हणजे महागड्या प्रथिनाचे लक्ष्य येथे साध्या गोळ्यांनी गाठावयाचे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने होते. तीव्र दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी आढळले. रोग बरा होतो असा दावा येथेही नाही. परंतु बराचसा उपचार घरी राहून घेता येतो, आणि परळच्या फुटपाथवर आठवडे काढलेल्या कुटुंबास त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मात्र मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतते. चिठ्ठीवर वार मराठीत लिहून घ्यावा. बेव्हॅसिझुमॅबमुळे रक्तदाब वाढतो, जखम लवकर भरत नाही, रक्तस्राव किंवा क्वचित आतड्यास छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आगेमागे ते देत नाहीत. मूत्रातून प्रथिने जाऊ लागणे हाही त्याचा एक दुष्परिणाम आहे. संग्रामपूर तालुक्याच्या खारपाण पट्ट्यात किडनीच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत आणि मेथोट्रेक्झेट शरीराबाहेर पडते ते किडनीवाटेच. तेव्हा रुग्णाचे गाव व तो पीत असलेले पाणी यांची माहिती मुंबईच्या डॉक्टरांना आपणहून द्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. सुचविलेले औषध त्यात बसते की नाही, हे पैशाची जुळवाजुळव करण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे. रुग्ण गावी परतल्यावर रक्तदाब आणि लघवीची तपासणी जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत करून घेता येते. त्या नोंदींची वही पुढील फेरीस सोबत न्यावी.