पिकअप गाडीच्या पुढच्या चाकांची जुळणी व टायरांची एकांगी झीज

शेतमाल बाजारांत नेण्याकरितां आतां गांवोगांवीं पिकअप गाडी झाली आहे. बैलाची निगा व अवजारांची निगा आम्हां शेतकऱ्यांस वाडवडिलांपासून ठाऊक. ह्या गाडीची निगा मात्र आपण मिस्त्र्याच्या हवालीं करून मोकळे होतों. आम्हीहि तसेंच करीत होतों, व त्याची किंमत आमच्या घरानें मोजली. ती हकीकत प्रथम सांगून मग मूळ विषयाकडे वळतों.

आमचे धाकटे बंधु घरची शेती पाहतात. गेल्या वर्षीं वैशाखांत त्यांचे चिरंजीव पिकअपमध्यें कांदा भरून पहांटेस लासलगांवच्या लिलावास निघाले. पुढचे दोन्ही टायर सात महिन्यांपूर्वीं नवे घातलेले होते, आणि बाहेरून पाहतां त्यांची नक्षी उत्तम दिसत होती. एका उतारावर पुढचा डावा टायर एकाएकीं फुटला. गाडी डावीकडे ओढली जाऊन रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगावर चढली व तेथेंच थांबली. पुतण्याच्या मनगटास मार बसला, निम्मा कांदा रस्त्यावर पसरला, आणि लिलाव चुकला तो चुकलाच. जीव वांचला हेंच खूप. टायर उतरवून पाहिला तों त्याची आंतली कड, म्हणजे इंजिनाकडची बाजू, दोन बोटें रुंद अगदीं गुळगुळीत होऊन तींतून तारा बाहेर आलेल्या! उजवा टायरहि त्याच वाटेवर होता. आम्ही रोज गाडीभोंवतीं फिरत होतों, परंतु वांकून आंतल्या कडेस हात कोणीं लावला नव्हता.

विशेष वाईट ह्याचें वाटलें कीं, ह्या गाडीची ‘अलाइनमेंट’ दोनच महिन्यांपूर्वीं करून घेतली होती. पैसे दिले होते, यंत्रांतून निघालेला छापील कागद मिळाला होता, व कागदावरचे सर्व आंकडे बरोबर होते. आमची हयात कचेरींतल्या कागदांत गेली असल्यामुळें कागद बरोबर म्हणजे काम बरोबर, असें धरून चालण्याची संवय जडलेली. मग चूक कोठें झाली, त्याचा छडा लावण्यांत आमचे कांहीं महिने गेले. जें कळलें तें येथें मांडीत आहों.

बैलगाडीचीं दोन्ही चाकें एका कण्यावर बसविलेलीं असतात व वळतांना बैल साऱ्या गाडीसच वळवितात. मोटारीचें तसें नाहीं. तिचीं पुढचीं चाकें आपापल्या जागीं वळतात, आणि वळणावर आंतल्या चाकास बाहेरच्यापेक्षां अधिक वळावें लागतें, कारण त्याचें वर्तुळ लहान. ह्याची युक्ति म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नांवाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें काढली व तिचें पेटंट १८१८ सालीं लंडनमध्यें रुडॉल्फ आकरमन ह्यानें घेतलें. घोड्यांच्या गाडीकरितां निघालेलें तें तत्त्व आजच्या पिकअपमध्येंहि आहे. दोन्ही चाकांस सांधणारी जी दांडी, तिला टाय रॉड म्हणतात. तिची लांबी कमीजास्त केली कीं चाकांचीं तोंडें एकमेकांजवळ येतात किंवा फांकतात.

दोन्ही चाकांच्या पुढच्या बाजूंमधलें अंतर मागच्या बाजूंमधल्या अंतराहून कमी असेल तर त्यास टो-इन, व अधिक असेल तर टो-आउट असें नांव आहे. हा फरक प्रत्येक गाडीस कंपनीनें ठरवून दिलेला असतो व तो थोड्या मिलिमीटरांचा असतो. एवढ्याशानें काय होणार, असें कोणासहि वाटेल. परंतु मोजणींत रेघेचा कोन केसभर चुकला तर शेताच्या दुसऱ्या टोकास बांध हातभर सरकतो, व त्यावरून भाऊबंदांचे दावे चालतात, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. येथेंहि हिशेब तोच. चाकाचा व्यास ७०० मिलिमीटर धरूं, आणि ठरलेल्या मापाहून फरक ७ मिलिमीटर अधिक पडला असें समजूं. दोन चाकांत वांटून प्रत्येकाच्या वांट्यास साडेतीन मिलिमीटर, म्हणजे व्यासाचा दोनशेंवा भाग येतो. अर्थात् चाक दोनशें मीटर पुढें गेलें कीं एक मीटर आडवें जाऊं पाहतें. गाडी तर सरळ चाललेली. सबब तो एक मीटर टायरास रस्त्यावर आडवा सोसावा लागतो. किलोमीटरास पांच मीटर झाले. आमची बाजाराची फेरी जाऊन येऊन साठ किलोमीटरांची, म्हणजे दर फेरीस तीनशें मीटर! रबर लवचिक असल्यामुळें त्यांतील कांहीं भाग तें लवून सोसतें. बाकीचा झिजेंत जातो.

ही झीज डोळ्यांपेक्षां हातास लवकर कळते. गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें, चाकांस दगड लावावेत, आणि टायराच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. प्रथम बाहेरच्या कडेकडून आंत, मग आंतून बाहेर. (हातांत जाड मोजा असावा, तारा निघालेल्या असल्या तर हात कापतो.) एका दिशेनें हात गुळगुळीत जातो व उलट दिशेनें करवतीच्या दात्यांसारखा अडतो, असें आढळल्यास दोष टो ह्याचा आहे. आंतून बाहेर येतांना अडत असेल तर टो-इन अधिक झालें आहे, व बाहेरून आंत जातांना अडत असेल तर टो-आउट. टो-इनमध्यें बाहेरची कड आधीं जाते. टो-आउटमध्यें आंतली, आणि ती गाडीखालीं झांकलेली असल्यामुळें हा दोष अधिक घातक. आमचें झालें तें हेंच.

सर्वच झीज जुळणीमुळें होते असें मात्र नाहीं. दोन्ही कडा झिजल्या व मध्य शाबूत आहे, तर हवा कमी किंवा ओझें जास्त. मध्य झिजला व कडा शाबूत, तर हवा अधिक. जागजागीं वाटीसारखे खळगे पडले असले तर शॉकअप निकामी झाले असावेत, बेअरिंग ढिलें असावें किंवा चाकाचें बॅलन्सिंग बिघडलें असावें. एकाच चाकाची एकच कड गुळगुळीत झिजली व हातास दाते लागले नाहींत, तर तें चाक उभें सरळ नसून वरून आंत किंवा बाहेर कललेलें आहे. ह्यास कॅम्बर म्हणतात. ज्या पिकअपचा पुढचा आंस एकसंध लोखंडाचा असतो, त्या गाडींत हा कल टाय रॉडनें दुरुस्त होत नाहीं. खड्ड्यांत आदळून आंस वांकला आहे काय, किंवा किंगपिन झिजली आहे काय, हें पाहावें लागतें. कॅस्टर म्हणून तिसरें एक माप आहे. त्यामुळें वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतें. तें दोन बाजूंस निरनिराळें झाल्यास गाडी एकीकडे ओढते, परंतु टायर फारसा झिजत नाहीं. गाडी ओढते म्हणून लगेच मिस्त्र्याकडे धांवूं नये. आपले रस्ते पाणी वाहून जाण्यासाठीं कडेस उतरते असतात, आणि आपण डावीकडून चालतों, म्हणून निर्दोष गाडीहि किंचित् डावीकडे जाते. पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करून पाहावी. ओढ उलट दिशेस गेली तर दोष टायराचा.

आतां आमच्या गाडीचें गुपित सांगतों. टाय रॉडच्या दोन्ही टोकांस वाटींत बसविलेल्या गोळीचे सांधे असतात. आमच्या गाडीचा एक सांधा झिजून ढिला झाला होता. गाडी यंत्रावर स्वस्थ उभी असतां चाकें सरळ दिसलीं, कारागिरानें माप लावलें व कागद निघाला. गाडी रस्त्यावर चालूं लागली कीं मागचीं चाकें पुढें ढकलतात, पुढच्या चाकांस रस्ता अडवितो, आणि सांध्यांतील ढिलाईपुरतीं त्यांचीं तोंडें बाहेर फांकतात. उभ्या गाडीचें माप खरें होतें, चालत्या गाडीचें नव्हतें. ज्या कारखान्यांत हें काम झालें, तेथें सांधे हलवून पाहिले गेले नाहींत. आणि ते पाहा, असें आम्हीहि म्हटलें नाहीं.

म्हणून जुळणीपूर्वीं ढिलाई पाहावी. पुढचें चाक जॅकनें उचलून, खालीं भक्कम ठोकळा देऊन, घड्याळांतील नऊ व तीनच्या जागीं दोन्ही हातांनीं धरावें व हलवावें. ह्या दिशेनें खटखट लागली तर टाय रॉडचे सांधे किंवा स्टेअरिंगचे इतर भाग ढिले. बारा व सहाच्या जागीं धरून लागली तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. त्यानंतर मागें जाऊन पाटे पाहावेत. ओझ्यामुळें पाट्यांचा मधला बोल्ट तुटला तर मागचा आंस एका बाजूनें सरकतो आणि गाडी खेंकड्यासारखी तिरपी चालते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनीं फीत धरावी. स्टेअरिंग सरळ असतां दोन मापांत ठळक फरक आला तर आधीं आंस जागेवर आणावा. तोंपर्यंत पुढची जुळणी फुकट जाईल.

घरच्या घरीं टो पाहण्याचा एक उपाय आहे. चाक उचलून फिरवीत असतां ठोकळ्यावर टेकविलेल्या खिळ्यानें नक्षीच्या मध्यावर बारीक गोल रेघ आंखावी. दोन्ही चाकांवर तसें करावें. गाडी खालीं घेऊन चार पावलें पुढें ढकलावी, म्हणजे चाकें आपल्या स्वाभाविक स्थितींत बसतात. मग चाकाच्या पुढच्या बाजूस, आंसाच्या उंचीवर, त्या रेघेवर खडूची खूण करून तेथून गवंड्याचा ओळंबा सोडावा व जमिनीवर टिंब घ्यावें. दोन टिंबांमधलें अंतर मोजून लिहावें. नंतर गाडी अर्धा फेरा पुढें ढकलावी, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूस येतात; पुन्हां ओळंबा, पुन्हां माप. दोन मापांतील फरक तोच टो. एक-दोन मिलिमीटरांची चूक ह्यांत सहज होते, म्हणून ह्यावर स्वतः दांडी फिरवूं नये. यंत्राच्या कागदाशीं ताडून पाहण्यापुरताच ह्याचा उपयोग. कागदावर दुरुस्तीपूर्वींचे व नंतरचे असे दोन्ही आंकडे छापून मागावेत.

हवा टायर थंड असतांना, दाराच्या चौकटीवरील पत्रकाप्रमाणें भरावी. नक्षीच्या खांचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. कोणत्याहि एका कडेची झीज त्या पट्टीस येऊन भिडली कीं, बाकीचा टायर कितीहि चांगला दिसो, तो उतरवावा.

आम्हीं आतां गाडीची एक वही घातली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं चारी टायरांच्या आंतल्या, मधल्या व बाहेरच्या खांचेची खोली आणि गाडीचे किलोमीटर पुतण्या तींत लिहितो. दोन्ही सांधे बदलून व पुन्हां जुळणी करून आठ महिने झाले. परवांच्या नोंदींत पुढच्या टायरांच्या आंतल्या व बाहेरच्या खांचा सारख्याच, साडेपांच मिलिमीटर, आहेत. मागचे टायर मात्र मध्यें अधिक झिजूं लागले आहेत. भरल्या ओझ्याची हवा ठेवून गाडी परततांना रिकामी धांवते, त्याचा हा परिणाम दिसतो, व त्याची तोड अजून काढावयाची आहे.