छावणीतील तरुण

भूमध्य समुद्राच्या पूर्व काठाला पॅलेस्टाईन आहे. तिथे जैतुनाची झाडे फार. जैतून उतरवायचे असोत की घराचे छत घालायचे असो, शेजारीपाजारी मदतीला धावून येत. मजुरी नाही, काही नाही. या रीतीला ते लोक 'औना' म्हणतात. आपल्याकडची इर्जिक म्हणा ना!

१९४८ साली तिथे युद्ध झाले. इस्रायल हे राष्ट्र उभे राहिले. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोकांची गावे सुटली. काहींना हाकलले, काही जीव घेऊन पळाले. लवकरच परतू, म्हणून पुष्कळांनी घराच्या किल्ल्या बरोबर नेल्या. परतणे झाले नाही. ते छावण्यांत, तंबूंत राहिले.

पुढे तंबूंच्या जागी पक्क्या खोल्या बांधायचे निघाले. तेव्हा वडीलधारी माणसे बिचकली. इथे भिंत उभी केली, म्हणजे गावावरचा हक्क सोडला, असे कोणी म्हणाले तर? ही धास्ती काही खोटी नव्हती. पण पोरे पावसात भिजत होती. शेवटी खोल्या झाल्या, आणि हक्कही कोणी सोडला नाही. बेथलेहेमजवळ ऐदा नावाची छावणी आहे. तिच्या वेशीवर २००८ साली एक भली मोठी लोखंडी किल्ली बसवली, ती याचसाठी.

ही ऐदा छावणी १९५० सालची. जागा जेमतेम साडेसतरा एकर, आणि माणसे पाच हजारांवर! २००० साली तिथल्या तरुणांनी 'लाजी' नावाचे केंद्र काढले. लाजी म्हणजे निर्वासित. उन्हाळ्यात तिथे नळाला कित्येक दिवस पाणी येत नाही. लोक छतावरच्या टाक्यांत पाणी साठवतात. साठवलेले पाणी बिघडते. केंद्राची मुले ते पाणी तपासतात. कोणी घरोघर जाऊन मधुमेहाच्या आजाऱ्यांची विचारपूस करतात, रक्तदाब मोजतात. पेरायला जमीन नाही, म्हणून छतावर भाजी लावतात. केंद्रात नाचगाण्याचे वर्गही आहेत, आणि पाहुणे तेच आधी पाहतात. आम्हाला विचाराल तर पाणी तपासणाऱ्या मुलांची किंमत अधिक.

ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धात गाझा पट्टीतील छावण्यांची फार नासधूस झाली. शाळा बंद पडल्या. तेव्हा तिथल्या शिकलेल्या मुलामुलींनी तंबूत पोरे गोळा केली आणि अक्षरे शिकवायला घेतली. १९५० च्या सुमारास त्यांच्या आजोबांच्या शाळाही तंबूतच भरत होत्या.