तीळ निवडायचे ठेव

चि. सुनंदास,


हंगामी वसतिगृहाचं काम तुझ्याकडे आल्याचं तुझ्या आईकडून कळलं. दिवाळी सरली की धारूर-वडवणीकडचे ट्रॅक्टर ऊसतोडीला भरून निघतील. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल फिटेपर्यंत फडात. लेकरं मागं आजीपाशी निजतील, जेवायला तुझ्याकडे येतील. जेवणाचं, हजेरीचं तू बघशीलच. मी लिहितेय ते त्यांच्या बोलण्याबद्दल.

आठवी-नववीतली पोरं घरचं दुखणं सरळ सांगत नाहीत. “बाई, आमच्या वर्गातल्या एका मुलीचं ना...” अशी सुरुवात होते. त्या मुलीचं नाव विचारू नकोस. “मग तिनं काय केलं?” एवढंच विचार. समोर बसवून विचारलंस तर मान खाली जाईल. तांदूळ निवडताना दोघींचे डोळे ताटात असतात, तेव्हा बोलणं होतं. मुलगे तेवढंही बोलत नाहीत, भांडणं काढतात. भांडणाऱ्याला आधी जेवू घाल.

माझी चूक तुला सांगते. एक पोर वही दाखवायच्या निमित्तानं मागं थांबली. वहीच्या कोपऱ्याची सुरळी करायची, उलगडायची, पुन्हा करायची. मग म्हणाली, “मला पाहुणे बघून गेले, बाई.” मी म्हणाले, “आई-बाबा कारखान्यावरून येऊ दे, बोलते त्यांच्याशी.” ते आले आणि त्याच पंधरवड्यात तिचं लग्न लागलं. नववीत होती गं. सगळं बळ एकवटून ती माझ्यापर्यंत आली आणि मी तिला पुढची तारीख दिली.

तू ऐकलंस त्याच दिवशी ऊठ. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची, आहे. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर रात्रंदिवस लागतो, पैसे पडत नाहीत, पोरांना स्वतःलाही लावता येतो. तो नंबर तुझ्या टेबलामागं लिहू नकोस; कुणी बघत नसताना वाचता येईल अशा भिंतीवर लिही.

“कुणाला सांगणार नाही” असा शब्द मात्र देऊ नकोस. कुणी अंगाला हात लावल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं आपल्याला ते कळवावंच लागतं. “ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगेन, आणि आधी तुला सांगून,” असं म्हण आणि तसंच वाग.

आई-बापांना नावं ठेवू नकोस. बापाच्या दारूचं सांगून झालं की पोर लगेच म्हणते, “पण बाबा चांगले आहेत.” ते मान. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, या भीतीनं आईची झोप उडालेली असते. तिच्याशी बोलशील तेव्हा आधी त्या भीतीचं बोल. पोर शाळेच्या नजरेत आहे, हे तिला पटू दे.

फडावरून फोन आला की त्या रात्री कोण अर्धवट जेवून उठतं, ते बघत जा.

मी संक्रांतीला येतेय. तीळ निवडायचे ठेव, पोरींबरोबर बसेन.

तुझी,
बाई