शाबासकी कशाबद्दल?

आईबाबांनो, नाशिक रोड आणि देवळाली कॅम्प भागात लष्करातली बरीच कुटुंबं राहतात. तिथल्या मुलांना 'कमेंडेशन कार्ड' सहसा ऐकून माहीत असतं. लष्करप्रमुखांचं हे प्रशस्तिपत्र शौर्याच्या कृतीबद्दल, विशेष सेवेबद्दल किंवा कर्तव्यनिष्ठेबद्दल दिलं जातं. 'कमेंड' हे इंग्रजी क्रियापद एरवी घरात कुणी वापरत नाही. ते भेटतं प्रशस्तिपत्रात, समारंभाच्या भाषणात, आणि त्याच्या मागोमाग बहुधा 'फॉर' येतं, म्हणजे अमुक केल्याबद्दल. घरातल्या कौतुकात नेमकं हे 'बद्दल' राहून जातं.

"माझं बाळ किती हुशार!" हे आपण किती मनापासून म्हणतो. पण गणित अडलं की त्याच बाळाला वाटू लागतं, आपली हुशारी संपली बहुतेक. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या बुद्धीची वाहवा केली, काहींच्या मेहनतीची. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिली. बुद्धीची स्तुती ऐकलेली मुलं लवकर हिरमुसली आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखीच कोडी आल्यावरही मागे पडली. मेहनतीची दाद मिळालेली चिकाटीनं बसली. एका अभ्यासावर सगळं तोलू नये. पण आपल्या घरात डोकावून बघावं, इतकं बळ त्यात नक्की आहे.

समजा, चौथीतल्या मुलीची वही समोर आहे. भागाकार दोनदा चुकलाय, खोडून खोडून कागद विरलाय. तिसऱ्यांदा उत्तर आलं आणि शेजारी बारीक अक्षरात तिनं गुणून ताळाही केलाय. इथं "व्वा, हुशार!" म्हणून वही मिटू नका. "उत्तर आल्यावरही ताळा करून पाहिलास, ते मला फार आवडलं," असं म्हणा. काय केलं म्हणून आई खूश झाली, ते तिला कळतं, आणि तेच ती उद्या पुन्हा करू शकते.

अंबड-सातपूरची शिफ्ट करून दमून आल्यावर एवढं बघायला त्राण कुठून आणायचं? रोज नकोच. आठवड्यातून एक वाक्य, पण खरं. चित्र उरकून टाकलं असेल तर उगाच डोक्यावर घेऊ नका. मुलांना लगेच कळतं. आणि "दादापेक्षा छान" तर मुळीच नको. त्यात एकाला शाबासकी मिळते आणि दुसऱ्याला विनाकारण टोचणी.

शिष्यवृत्तीच्या यादीत नाव नसेल, त्या दिवशी काय बोलायचं हे मला पालक हमखास विचारतात. त्या दिवशीही सांगण्यासारखं असतंच. "पेपर अवघड गेला तरी शेवटच्या मिनिटापर्यंत सोडवत बसलास," एवढं म्हणा आणि ताट वाढा. कुठे चुकलं ते दुसऱ्या दिवशी बघू.