मांडीचं आवरण रगडून सुटतं का?

प्रश्न : मुलगा कोल्हापुरात तालमीत जातो. मांडी आखडली की कोपराने रगडून घेतो. आतलं आवरण सुटतं म्हणतो. खरं का?

उत्तर : आराम मिळतो हे खरं, पण आवरण सुटत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा तो पांढरा, चिवट पडदा मुख्यतः कोलॅजनचा असतो. २००८ सालच्या एका गणिती अभ्यासानुसार तो जेमतेम १ टक्का दाबायलाही सुमारे ९२५ किलोंचा भार लागतो! कोणत्या वस्तादाच्या कोपरात एवढा जोर असणार? दाबामुळे त्वचेतले, स्नायूंतले मज्जातंतू जागे होतात, ताण उतरतो. तोही थोडाच वेळ. त्यामुळे तेल लावून हलकी मालिश खुशाल करा, काळंनिळं होईपर्यंत रगडू नका. सूज किंवा बधिरपणा असेल तर मालिश थांबवून सीपीआर रुग्णालयात दाखवा.