घरच्या घरी इंजिनाचे तेल बदलताना



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या भागात ट्रॅक्टर, जीप, मोटारी यांची डागडुजी सुरू होते. मजुरी वाचावी म्हणून पुष्कळजण इंजिनाचे तेल अंगणातच बदलतात. त्यात वावगे काही नाही आणि काम अवघडही नाही. मात्र बारीकशी चूक झाली, तर वाचते मजुरी आणि जाते इंजिन.

प्रथम माझीच चूक सांगतो. नसरापुरात घरासमोर जीपचे तेल बदलले. फिल्टर नवा, तेल नवे. इंजिन चालू केले, लाल दिवा विझला, झाले समाधान. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघालो. चेलाडी फाट्यावरून हमरस्त्याला लागलो आणि खेड-शिवापूरच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला. सोबतचे म्हणाले, "वायर हलली असंल हो, पुढं गॅरेज हाय की." मीही ऐकले. थोड्याच अंतरात इंजिन टकटक करू लागले आणि जाम झाले.

मिस्त्रीने फिल्टर उघडला, तेव्हा उलगडा झाला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर मी नवी रिंग चढवली होती. अशा दोन रिंगांची पकड बसत नाही. तेलाचा दाब वाढला की रिंग सरकते आणि तेल बाहेर उडते. क्रँकची बेअरिंगे गेली. हंगामाच्या तोंडावर जीप तीन आठवडे पडून राहिली.

इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो दाबाने टिकतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि पाहता पाहता नुकसान होते. म्हणून लाल दिवा लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. "पुढच्या गॅरेजपर्यंत" हा हिशेब करू नये.

नेहमी होणाऱ्या चुका अशा :

१. भलताच बोल्ट खोलणे. ट्रॅक्टरच्या पोटाखाली इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा यांचे बोल्ट वेगवेगळे असतात. काही मोटारींत गिअरबॉक्सचा बोल्ट इंजिनाच्या चेंबरशेजारीच असतो. गिअरबॉक्स रिकामा करून नवे तेल इंजिनात ओतले, तर एक कोरडा आणि दुसरे तुडुंब! पुस्तिकेतील चित्र पाहूनच पाना लावावा.

२. जास्त तेल भरणे. "थोडं जास्त असलेलं बरं" हे इथे चालत नाही. पातळी फार वर गेली की फिरता क्रँक तेल घुसळतो, फेस होतो आणि पंपाकडे तेलाबरोबर हवा जाते. दाब पडतो, सीलही गळू लागते.

३. बोल्ट अति आवळणे. पुष्कळ चेंबर अॅल्युमिनियमचे असतात. पान्याला पाईप लावून जोर केला की आटे जातात. बोल्ट आधी हाताने फिरवून सरळ बसवावा, वॉशर नवे घालावे, मग बेताने आवळावा.

४. फिल्टर बसवण्यात घाई. जुनी रिंग निघाली का, हे बोट फिरवून पाहावे. बैठक फडक्याने पुसावी, नव्या रिंगेला तेलाचा हात लावावा. फिल्टर हातानेच, त्यावर लिहिलेल्या प्रमाणात आवळावा.

५. मिळेल ते तेल घालणे. डब्यावरील १५डब्ल्यू४० यात पहिला आकडा थंडीतील, तर दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. पुस्तिकेत असेल तेच तेल घ्यावे. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींपैकी ज्यांच्या धुराड्यात काजळीची गाळणी असते, त्यांना कमी राखेचे तेल लागते. दुसरे घातले तर गाळणी तुंबते.

६. नुसत्या जॅकवर विसंबणे. जॅक निसटला की जीव जातो. गाडी सपाट जागी असावी, चाकांना दगड लावावेत आणि पक्का स्टँड दिल्याशिवाय खाली शिरू नये. इंजिन कोमट असावे. कढत तेलाने हात भाजतो.

तेल ओतले म्हणजे काम संपले असे नव्हे. खरी परीक्षा पुढच्या दहा मिनिटांत असते. इंजिन चालू करून रेस न करता काही मिनिटे चालू ठेवावे. दिवा विझला का, पाहावे. बॅटरी घेऊन बोल्ट आणि फिल्टरभोवती ओल आहे का, पाहावे. बंद करून थोडे थांबावे, मग पट्टी पुसून पातळी मोजावी. दोन खुणांच्या मध्ये असावी. पहिल्या फेरीनंतर पुन्हा खाली वाकून बघावे. तारीख आणि किलोमीटर, ट्रॅक्टर असेल तर तास, वहीत टिपून ठेवावेत.

शेवटचे जुन्या तेलाविषयी. ते बांधावर, ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नये. त्यात धातूचे कण आणि घातक द्रव्ये असतात. कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडते. नसरापूरच्या शिवगंगेचे पाणी पुढे नीरेला मिळते आणि त्याच पाण्यावर खालचे ऊस उभे आहेत. तेल झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत व्यक्तीला द्यावे. हाताला लागलेले साबणाने धुवावे. जनावरांच्या अंगाला तर मुळीच लावू नये.

मला न दिसलेली ती रिंग बोटाला लागली असती. पण मी बोट फिरवलेच नाही. आपण तेवढे जरूर करावे.